एकमताने

लाँड्रीवाल्याची बायको सभागृहात निवडून गेली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्याला चिडवलं होतं, "आता घरात तुझं काय चालणार?" त्यावर तो म्हणाला होता, "आधी तरी काय चालत होतं? ती तिकडं सरकारची उणीदुणी काढेल, मी इथं तुमची धुणी काढीन." लोक पोट धरून हसले होते. माणूसच तसा होता. कुणाशी वाकडं नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. भांडण दिसलं की रस्ता बदलणारा.

बायको नेमकी उलटी. निम्म्या शहराला तिनं शाळेत भूगोल शिकवला होता, म्हणून सगळं शहर तिला बाई म्हणायचं. मिशीला पांढरे केस आलेले बाप्येसुद्धा तिला रस्त्यात बघून विडी पाठीमागं लपवायचे. नवरा-बायको एका वर्गात शिकलेले, त्यामुळे ती त्याला चारचौघांतसुद्धा अरे-तुरे करायची. "अरे, ऐकलंस का?" असं म्हणत ती दुकानात शिरली की गिऱ्हाइकं गालात हसत. त्याला ते फार आवडायचं.

शहराच्या उत्तरेला नदी होती आणि नदीवर बंधारा. बंधाऱ्याचं एक टोक इकडच्या देशात, दुसरं पलीकडच्या. पाणी कुणी, कधी आणि किती सोडायचं यावरून दोन्हीकडं वर्षानुवर्षं धुसफूस चाललेली. बाईनं त्यात लक्ष घातलं. पलीकडच्या सभागृहात एक दातांचा डॉक्टर होता, तोही तिच्यासारखाच चिकट. दोघांनी फोनवर बोलून, दोनदा बंधाऱ्यावर भेटून एक साधा तोडगा काढला होता: दोन्हीकडच्या इंजिनीयरांनी एकाच खोलीत बसायचं, पाण्याची पातळी दोघांनी मिळून बघायची आणि पाणी दोघांच्या संमतीनं सोडायचं. एवढंच. त्यावर सही व्हायची तेवढी बाकी होती.

तेवढ्यात नदीत गस्तीची एक नाव बुडाली आणि तिच्यातले सैनिक मेले. कुणी बुडवली हे कळायच्या आत कुणाला बुडवायचं हे ठरलं. पंतप्रधानांनी सभागृहात ठराव आणला: सरकारला युद्धाचा अधिकार द्यावा.

सुरुवातीला बाईसोबत बरेच जण होते. मग एकेकाचं तळ्यात-मळ्यात सुरू झालं. कुणाला मतदारसंघ आठवला, कुणाला मंत्रिपद, कुणाला आपला भाऊ सरकारी ठेकेदार असल्याचं आठवलं. शेवटी बाई एकटीच उरली.

डॉक्टरचा फोन आला तेव्हा लाँड्रीवाला शेजारीच चादरींच्या घड्या घालत होता. फोनवरचा आवाज मोठा होता, त्यालाही ऐकू आला.

"बाई, तुमच्यानंतर दोन दिवसांनी आमच्याकडंही हाच ठराव येतोय. थोडे लोक अजून माझ्यामागे आहेत. पण ते म्हणतात, पलीकडं बोलायला माणूसच उरला नाही, आपण कुणाशी बोलायचं? मला त्यांना एक माणूस दाखवता आला पाहिजे. एकच."

"एक आहे," बाई म्हणाली.

---

ती विरोधात मत देणार हे वर्तमानपत्रात आलं आणि घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात तसं झालं. शाळेनं आपल्या कचेरीतला तिचा फोटो उतरवला. गिऱ्हाइकं येऊन आपापले कपडे परत मागू लागली. वाळले नाहीत म्हटलं तर ओलेच पिळून नेऊ लागली. एका गाठोड्यातून मेलेला कावळा निघाला. सकाळी शटरवर थुंकीचे ओघळ असायचे. लाँड्रीवाला बादली घेऊन बाहेर यायचा, मान खाली घालून ते पुसायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला नमस्कारही करायचा.

समोर बूटवाल्याचं दुकान होतं. दोघांची दुकानं एकाच वर्षी सुरू झालेली, दुपारचा चहा रोज एकत्र व्हायचा. त्या बूटवाल्यानं एके दिवशी तळ फाटलेला बायकांचा जोड आणून लाँड्रीच्या उंबऱ्यावर ठेवला.

"बाईंना दे," तो म्हणाला. "पलीकडं पळून जायचं असेल तर चांगले बूट कशाला झिजवायचे?"

बघे खो-खो हसले. लाँड्रीवालाही हसला. मग आत जाऊन त्यानं तो जोड कचऱ्यात टाकला आणि हात साबणानं धुतले.

बूटवाल्याचा मुलगा फौजेत होता. लाँड्रीवाल्याचा जावईसुद्धा. जावई तर थेट बंधाऱ्यावरच्या चौकीत होता, म्हणून लेक आपल्या लहानग्या मुलीला घेऊन माहेरी राहायला आली होती. आईशी ती बोलत नव्हती. बोलली तर एवढंच बोलायची: "तुझ्या एका मतानं युद्ध थांबणार आहे का?"

"नाही," बाई म्हणायची.

"मग कशाला?"

"पलीकडं एक जण वाट बघतोय."

"आणि माझा नवरा? तो वाट नाही बघत?"

 

---

पक्षाचा प्रतोद आधी बाईला भेटून गेला होता. तिनं त्याला चहा दिला आणि नकारही दिला. मग बाई शाळेच्या बाजूला गेली असताना तो दुकानात आला. हातात स्वतःचा शर्ट होता.

"हा डाग जाईल का हो?"

"जाईल."

"वा. तुमच्या हाताला गुण आहे." प्रतोद काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. गोड माणूस. आवाज कधी चढायचा नाही. "बाईंना आम्ही सगळे मानतो बरं का. विरोध करू नका असं मी म्हणतच नाही. फक्त त्या दिवशी आजारी पडा म्हणतो. माणूस काय, कधीही आजारी पडतं."

"तिला सांगा ना."

"सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय." त्यानं शर्टाची कॉलर सरळ केली. "जावईबापू बंधाऱ्यावर ना? म्हणजे अगदी तोंडावर. पहिला गोळा तिथंच पडणार. मागं कोठारात एक जागा आहे, हिशेबी माणूस हवाय. शब्द टाकू?"

लाँड्रीवाल्यानं डागावर बोट फिरवलं. "आणि ती गेलीच तर?"

"तर जावईबापू आहेत तिथंच राहतील. नाहीतर थोडे आणखी पुढं जातील. चौकीच्या पुढंही जागा असते हो." प्रतोद हसला. "घरातला माणूस घरातच थांबवायचा, यात कसलं आलंय पाप? तुमची झाकली मूठ, आमचीही झाकली मूठ."

पडद्याआड लेक उभी होती. प्रतोद गेल्यावर ती बाहेर आली. रडली नाही, ओरडली नाही. मुलीला काउंटरवर बसवून तिनं बापाकडं नुसतं पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "वाळवणीच्या खोलीला बाहेरून कडी आहे."

---

मतदानाच्या दिवशी लाँड्रीवाला लवकर उठला. वाळवणीची खोली दुकानाच्या मागं होती. खिडकी नाही, भिंतींतून वाफेच्या नळ्या गेलेल्या. त्यानं वाफ बंद केली. तिला त्रास होऊ नये म्हणून आत एक खुर्ची नेऊन ठेवली. पाण्याचा जग ठेवला, वर पेला पालथा घातला. थोडा विचार करून उशीही ठेवली. हे सगळं करताना त्याला आपण फार काळजीवाहू आहोत असं वाटत होतं आणि त्या वाटण्याचाच त्याला आधार होता.

बाई तयार होऊन खाली आली. "अरे, माझा करडा कोट?"

"आत टांगलाय. काल धुतला."

ती आत गेली. कोट काढून अंगात घातला. मग तिचं लक्ष गेलं.

"ही खुर्ची इथं कशाला?"

त्यानं दार ओढलं आणि कडी घातली.

आतून तिचा नेहमीचा आवाज आला, थोडा हसरासुद्धा. "थट्टा पुरे. उशीर होतोय मला."

त्यानं कडी पुन्हा तपासली.

"अरे?"

मग तिला खुर्चीचा, जगाचा आणि उशीचा अर्थ लागला असावा. दारावर पहिली थाप पडली. दुसरी पडली. मग ती दोन्ही मुठींनी बडवू लागली. दार जुन्या, जाड लाकडाचं होतं, तरी हादरत होतं. लाँड्रीवाल्यानं मोठ्या मशीनचं बटण दाबलं. मशीन घरघरलं, दुकान त्या आवाजानं भरून गेलं आणि बडवण्याचा आवाज त्यात बुडाला.

त्या दिवशी गिऱ्हाइकं आली, तीही चांगली आली. मत जाहीर व्हायच्या आधी लाँड्रीवाल्याचा चेहरा कसा झालाय हे बघायला आली असतील. तो त्यांच्याशी हवापाण्याच्या गोष्टी बोलला. एकाच्या पॅंटचं बटण स्वतः लावून दिलं. लेक रेडिओ लावून काउंटरवर बसली होती. नात मागच्या दाराकडं बोट करून म्हणाली, "आजी टकटक." लेकीनं तिच्या हातात बिस्कीट दिलं.

"आजी टकटक," नात पुन्हा म्हणाली. लेकीनं आणखी एक बिस्कीट दिलं.

मशीन मधूनमधून पाणी सोडायला थांबायचं. तेवढ्या शांततेत बाईचा आवाज ऐकू यायचा. आता ती ओरडत नव्हती. वर्गात अवघड धडा समजावताना बोलायची तशी बोलत होती.

"ऐक. तुला भीती वाटतेय, मला कळतंय. मलाही वाटतेय, तुझ्याइतकीच. पण तो माणूस तिथं एकटा उभा राहणार आहे रे. मी त्याला शब्द दिलाय. पोरीला बोलाव. मी तिच्याशी बोलते. दार नको उघडू हवं तर, नुसती बोलाव."

लाँड्रीवाल्यानं लेकीकडं पाहिलं. लेकीनं नकारार्थी मान हलवली. त्यानं पुन्हा बटण दाबलं.

दुपारी रेडिओवर टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदक म्हणाला की ठराव एकमताने मंजूर झाला. विरोधात एकही मत नाही. पुढं म्हणाला की ज्यांच्या भूमिकेबद्दल उलटसुलट बोललं जात होतं त्या बाई प्रकृती बरी नसल्यानं येऊ शकल्या नाहीत, मात्र त्यांनी ठरावाला मनापासून पाठिंबा कळवला आहे, असं पक्षाच्या प्रतोदांनी सभागृहात सांगितलं.

पाठिंब्याचं हे लाँड्रीवाल्याला ठाऊक नव्हतं. त्यानं लेकीकडं पाहिलं, तिलाही ठाऊक नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला होता, वर सुंठीचंच नाव झालं होतं.

त्यानं कडी काढली. बाई खुर्चीत बसली होती. कोटाची सगळी बटणं लावलेली. बोटांची पेरं सोलली होती, दाराच्या आतल्या अंगाला रक्ताचे डाग होते. पाण्याच्या जगाला तिनं हात लावला नव्हता. वाफ बंद केली तरी भिंती अजून तापलेल्या होत्या. तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"एकमताने," तो म्हणाला.

ती उठली, त्याच्या शेजारून गेली, रस्त्यावर आली आणि सभागृहाच्या दिशेनं चालू लागली.

---

संध्याकाळी ती परत आली ती बातमीदारांचा घोळका घेऊन. मला कोंडलं होतं, मी पाठिंबा कळवलेला नाही, असं ती सभागृहाच्या फाटकापासून सांगत आली होती. दुकानात येऊन तिनं लाँड्रीवाल्याकडं हात केला.

"विचारा याला. हा खोटं बोलणार नाही."

सगळे त्याच्याकडं वळले. गल्ली जमली होती. बूटवालाही समोरून आला होता. पडद्याआड लेक होती. जावयाच्या बदलीचा हुकूम अजून निघायचा होता. लाँड्रीवाल्यानं बायकोकडं पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याच्याकडं काहीतरी मागत होती आणि तेही एवढ्या खात्रीनं, की त्यानं दिलंय असंच धरून चालली होती.

"ताप आहे तिला," तो म्हणाला. "सकाळपासून अशीच बडबडतेय. चेहरा बघा ना, कसा फणफणलाय."

बातमीदारांनी चेहरा बघितला. खरंच लाल होता. एकानं तिच्या हाताकडं बोट केलं, तर लाँड्रीवाला म्हणाला, "तापाच्या भरात भिंतीवर आपटले." सगळे चुकचुकले. बूटवाला पुढं आला, खुर्ची ओढून म्हणाला, "बसा बाई. काही वाटून घेऊ नका. शेवटी तुम्ही आमच्याच."

बाई बसली नाही. ती खुर्ची तिनं नवऱ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "तुम्ही बसा. दमला असाल."

त्या दिवसापासून ती त्याला अहो-जाहो करू लागली. तुम्ही जेवलात का. तुमचा चहा झाकून ठेवलाय. आवाज मऊ, शब्द नीट. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, बघा, बाईंना शेवटी नवऱ्याचा मान कळला. लाँड्रीवाल्याला मात्र ती प्रत्येक हाक अंगावर पाणी ओतल्यासारखी लागायची.

---

दोन दिवसांनी पलीकडच्या सभागृहात डॉक्टर उभा राहिला. समोर बोलायला माणूस आहे, एवढंच म्हणाला. त्यावर सगळं सभागृह बाकं वाजवू लागलं आणि एका सुरात ओरडू लागलं: "एकमताने! एकमताने!" त्याच्यामागचे थोडे लोकही मग त्या ओरडण्यात मिसळले. दुसऱ्या दिवशी जमावानं त्याचा दवाखाना फोडला. त्याला त्याच्याच खुर्चीत बसवून, त्याच्याच पक्कडीनं त्याचे दात उपटले. करणाऱ्यांत त्याचे रोगी होते. आठवड्याच्या आत तो गेला.

बातमी इकडच्या रेडिओवर हसत सांगितली गेली. बाईनं ती उभ्यानं ऐकली आणि मग नातीची वेणी घालायला बसली.

युद्ध झालं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला. बंधारा पहिल्याच महिन्यात फुटला आणि ज्या पाण्यावरून भांडण होतं ते दोन्हीकडच्या शेतांतून, घरांतून वाहून गेलं. शहरावर गोळे पडले, शाळेचं छप्पर गेलं. लाँड्रीला सरकारी काम मिळालं. फौजेचे कपडे गाड्या भरभरून येत. जे कपडे पुन्हा कुणाच्या तरी अंगात चढणार होते, त्यांच्यातलं रक्त काढायचं, भोकं शिवायची. लाँड्रीवाला गार पाण्यात ते भिजवायचा. पाणी पहिल्यांदा गुलाबी व्हायचं, मग मातकट, मग निवळ. भोकं बाई शिवायची. तिनं ते काम नाकारलं नाही. छातीवरचं भोक, पाठीवरचं भोक, एकामागून एक, टाका न चुकवता.

प्रतोदानं शब्द पाळला होता. जावयाची बदली कोठारात झाली. तिथं त्याला खरचटलंसुद्धा नाही. सुट्टीवर आला तेव्हा जेवताना त्याचे डोळे भरून आले.

"माझ्या जागी बूटवाल्यांचा आला," तो म्हणाला. "मीच त्याला चौकी दाखवली. कुठं बसायचं, वारा कुठून येतो, सगळं. पहिल्याच सकाळी गेला. माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय."

लेक ताटात बघत राहिली. लाँड्रीवाला पाणी प्यायला. बाईनं जावयाला वाढलं, म्हणाली, "जेवा. गार होतंय." जावयाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

बूटवाला मुलाचा कोट घेऊन लाँड्रीत आला तो दिवस वाईट होता. "हा परत द्यायचा नाही," तो म्हणाला. "घरात ठेवायचाय. नीट धुऊन दे." मग बाईकडं वळून हात जोडले. "बाई, त्या दिवशी आजारातनंही तुम्ही पाठिंबा कळवलात. तुमच्यासारखं शहाणं माणूस जेव्हा म्हणतं, लढाई हवीच होती, तेव्हा वाटतं पोरगं फुकट नाही गेलं. त्याच्यावर निभावतंय माझं."

बाईचे ओठ हलले. मग ती कोट दोन्ही हातांत घेऊन आत गेली.

---

दोन्हीकडं तरुण उरले नाहीत तेव्हा तह करायचं ठरलं. शिष्टमंडळाचा प्रमुख प्रतोद होता. त्यानं बाईला सोबत घेतलं, पलीकडच्यांना ओळखीचा चेहरा बरा वाटेल म्हणून. लाँड्रीवाल्यालाही बोलावलं. "जोडीनं या. फोटोत बरं दिसतं."

बैठक बंधाऱ्याजवळच्या एका पडक्या कचेरीत होती. टेबलावर जो मसुदा ठेवला गेला तो बाईनं वाचला आणि खाली ठेवला. दोन्हीकडच्या इंजिनीयरांनी एका खोलीत बसायचं, पातळी मिळून बघायची, पाणी संमतीनं सोडायचं. शब्दसुद्धा बदलले नव्हते. फक्त आता बंधाराच नव्हता, तो आधी बांधायचा होता.

पलीकडच्या बाजूनं डॉक्टरची बहीण आली होती. चहा फिरवला गेला तेव्हा ती बाईच्या समोर येऊन बसली.

"माझ्या भावानं शेवटपर्यंत तुम्हाला दोष दिला नाही," ती म्हणाली. "तोंडात एकही दात नव्हता, शब्द कळत नव्हते, तरी म्हणत होता, ती आली असती, काहीतरी झालं असणार. तुम्ही आजारी होतात ना?"

लाँड्रीवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याला मनात कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं. आता ती सांगणार. सांगू दे एकदाचं.

"नाही," बाई म्हणाली. "मी बरी होते."

"मग?"

"मी आले नाही."

डॉक्टरच्या बहिणीनं बाईच्या समोरचा चहाचा कप उचलला आणि शेजारच्या माणसापुढं ठेवला. पुन्हा तिच्याकडं वळून बघितलंही नाही.

सह्या झाल्या, टाळ्या झाल्या. परतताना गाडीत प्रतोद मागं वळून म्हणाला, "बाई, उशिरा का होईना, तुमच्या मनासारखं झालं. चुकलं एवढंच, की तुम्ही फार लवकर बोललात. वेळेआधी उगवलं की गुरंच खातात." तो हसला. लाँड्रीवालासुद्धा सवयीनं हसला.

गल्लीच्या तोंडाशी दोघं उतरले. लाँड्रीवाल्यानं तिची वाट अडवली.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"घेतलं असतं तर तिनं तुम्हाला दोन शिव्या दिल्या असत्या," बाई म्हणाली. "ती देऊन मोकळी झाली असती, तुम्ही खाऊन. एवढ्या स्वस्तात सुटायचंय तुम्हाला?"

---

तहाच्या अटी वर्तमानपत्रात छापून आल्या त्या दिवशी सकाळी बूटवाला पेपर हातात घेऊन रस्ता ओलांडून आला. दुकानात सगळेच होते. फौजेतून सुटून आलेला जावई मागं गाठोडी उचलत होता, लेक काउंटरवर होती.

"बाई," बूटवाला म्हणाला, "लोक म्हणतात, हेच सगळं तुम्ही आधी सांगत होता. हेच. खरंय का?"

"खरंय," बाई म्हणाली.

"मग तुम्ही पाठिंबा का कळवला?"

"मी नाही कळवला."

लाँड्रीवाल्याच्या हातातली इस्त्री थांबली. बाईनं सुई कापडात खोचून ठेवली, उठली आणि बूटवाल्याच्या समोर येऊन उभी राहिली. बोलताना तिचा आवाज वर गेला नाही.

"मला ताप नव्हता. यांनी मला मागच्या खोलीत कोंडलं होतं. मी बडवत होते, हे मशीन चालवत होते. बदल्यात आमच्या जावयाला बंधाऱ्यावरून मागं घेतलं. त्याची जागा रिकामी झाली, तिथं तुमचा मुलगा गेला. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणालात त्याच्यावर निभावतंय, म्हणून गप्प बसले."

मागं गाठोडं पडल्याचा आवाज झाला. जावई दारात उभा होता. लेक म्हणाली, "आई!"

इस्त्रीखालचं कापड जळायला लागलं होतं. लाँड्रीवाल्यानं इस्त्री उचलली. बूटवाला आता काउंटरवरून उडी मारेल, गळा धरेल, असं त्याला वाटलं. त्यानं तर मान जराशी पुढंही केली.

बूटवाल्यानं पेपरची नीट घडी घातली. "बरं," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "बरं." आणि रस्ता ओलांडून आपल्या दुकानात जाऊन बसला. एक बूट मांडीवर घेतला आणि खिळे ठोकू लागला.

जावई सासऱ्याकडं बघत होता. "माझं नशीब म्हणालो होतो मी," तो म्हणाला. "तुमच्यासमोर. या घरात, या ताटावर बसून."

"तुझ्यासाठीच केलं," लेक म्हणाली. "तुझ्यासाठी!"

त्यानं तिचा हात बाजूला केला आणि बाहेर गेला. बूटवाल्याच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. बूटवाल्यानं मान वर केली नाही.  ऊन चढलं, रस्त्यावर वर्दळ वाढली, लोक त्याला चुकवून जाऊ लागले. जेवायची वेळ टळून गेली. लेकीनं दोनदा हाक मारली, नातीला पाठवलं. नातीनं त्याच्या पॅंटचं टोक ओढलं, तरी तो हलला नाही. अंधार पडायला लागला तसं बूटवाल्यानं हत्यारं आवरली, शटर ओढलं आणि त्याच्या शेजारून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच जावई तिथं जाऊन उभा होता.

लाँड्रीवाला आपल्या दुकानातून बघत होता. मागं बाई टाके घालत होती. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अहो, तुमचा चहा गार होतोय," आणि त्यानं कप उचलून तोंडाला लावला.